शब्दचर्चा : 'प्रॅग्मॅटिक, पण प्रॅग्मॅटिस्ट नव्हे' मराठीत कसं आणायचं?

बोरूबहाद्दर
अमेरिकेच्या डिसेंबर २०२५मधल्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणावरचा एक लेख मराठीत आणतोय. त्या दस्तऐवजात ट्रम्प यांच्या परराष्ट्र धोरणाचं वर्णन 'प्रॅग्मॅटिक, पण प्रॅग्मॅटिस्ट नव्हे' असं आहे. पहिल्या शब्दाला मी सवयीने 'व्यवहारवादी' लिहून मोकळा झालो आणि दुसऱ्यापाशी अडलो. 'व्यवहारवादी, पण व्यवहारवादी नव्हे' असं दिलं तर संपादक पुढचं काम देणार नाहीत. सुचवा काहीतरी.

चकली
पहिल्याला 'व्यवहार्य' चालेल का?

जुनी_वही
नाही चालणार. व्यवहार्य म्हणजे अमलात आणता येण्याजोगं. तहाचा मसुदा व्यवहार्य असतो. तो करणारा माणूस व्यवहारी. बातम्यांमध्ये 'व्यवहार्य नेता' वाचलं की मला तो नेता पाटबंधारे खात्याचा प्रकल्प वाटतो.

तत्त्वबोका
तत्त्वज्ञानात प्रॅग्मॅटिझमला 'फलप्रामाण्यवाद' हा रुळलेला शब्द आहे. कल्पनेचा अर्थ आणि खरेपणा तिच्या परिणामांवरून जोखायचा, हा विचार. ग्रीक 'प्राग्मा' म्हणजे कृती. पर्स, विल्यम जेम्स, ड्यूई ही अमेरिकी तत्त्वज्ञ मंडळी त्याची. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते तेव्हा ड्यूई त्यांचे शिक्षक होते, म्हणजे हा वाद आपल्याला तसा परका नाही.
गंमत अशी की शब्द कुणाचा यावरून खुद्द पर्सच वैतागले होते. इतरांनी तो वाटेल तसा वापरला म्हणून १९०५मध्ये त्यांनी आपल्या मतासाठी 'प्रॅग्मॅटिसिझम' हे वेगळं नाव काढलं. ते इतकं कुरूप आहे की कुणी पळवून नेणार नाही, असं त्यांचंच म्हणणं.

बोरूबहाद्दर
पण दस्तऐवजाला ड्यूई अभिप्रेत नसावेत. 'फलप्रामाण्यवादी नव्हे' छापलं तर वाचक पान उलटेल.

जुनी_वही
बरोबर. तिथे गुण हवाय, पंथ नकोय. सगळी गोम आपल्या 'वादी'त आहे. मराठीत 'वादी' लागला की झेंडा आला, शाखा आली, वार्षिक अधिवेशन आलं. इंग्रजीत नुसतं विशेषण असतं तिथेही आपण सवयीने 'वादी' चिकटवतो. म्हणून सरळ 'व्यवहारी, पण व्यवहारवादी नव्हे' करा. मूळातला खेळही राहतो.

लिंबूटिंबू
'व्यवहारी'ला दोन तोंडं आहेत हो. स्थळ बघताना 'मुलगा व्यवहारी आहे' ही स्तुती, आणि भावाने भावाला 'फार व्यवहारी झालास' म्हटलं की टोमणा. शिवाय व्यवहार म्हणजे देणंघेणंही. इंग्रजीत ट्रम्पना 'ट्रॅन्झॅक्शनल', म्हणजे देण्याघेण्याच्या हिशोबाने वागणारे म्हणतात, तो वेगळा शब्द. आपल्याकडे दोन्ही अर्थ 'व्यवहार' या एकाच पोत्यात. मी त्यासाठी 'सौदेबाज' ठेवीन.
रशियन तेलाचंच घ्या. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेने मित्रदेशांसह पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत ठरवली. हेतू असा की तेल बाजारात येत राहावं, भाव भडकू नयेत, रशियाची कमाई मात्र घटावी. भारताने तेल घेणं त्या गणितात बसत होतं. हे व्यवहारी. मग ऑगस्ट २०२५मध्ये त्याच तेलासाठी भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क, आधीचं धरून ५० टक्के. चीनही ते तेल घेतो, पण त्याला तसा जादा भार लावला नाही, कारण दुर्मीळ खनिजांची नाडी चीनच्या हातात. हे व्यवहारी की सौदेबाज?

जुनी_वही
की नुसतं 'बळी तो कान पिळी'? पण ते विशेषण नाही, भाषांतरात बसायचं नाही.

तत्त्वबोका
कोण कुठून बघतोय त्यावर शब्द बदलतो. जुलै १९७१मध्ये अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानात पोटदुखीचं निमित्त सांगून गुपचूप बीजिंगला गेले. वॉशिंग्टनच्या चष्म्यातून तो व्यवहारीपणाचा कळस. त्याच वेळी पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू होती आणि निक्सन पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांना दुखवत नव्हते, कारण चीनची वाट तिथून जात होती. ढाक्यात त्याला कुणी 'व्यवहारी' म्हणणार नाही. आपल्याकडे तर त्या वर्षाअखेर युद्धात भारतावर दबाव आणायला आलेलं अमेरिकेचं सातवं आरमार अजून आठवणीत आहे.
आर्थिक बाजूला मात्र शब्द चपखल बसतो. १५ ऑगस्ट १९७१ला निक्सननी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. डिसेंबरात इतर देशांनी आपापल्या चलनांचे दर वाढवून दिल्यावर अधिभार काढून घेतला. आधी काठी उगारायची, हवं ते मिळालं की खाली ठेवायची.

चकली
मग 'धोरणी' का नको? अस्सल मराठी आहे.

लिंबूटिंबू
'धोरणी परराष्ट्र धोरण'? मोठ्याने वाचून बघा.

चकली
मागे घेते.

बोरूबहाद्दर
'व्यवहारी, पण व्यवहारवादी नव्हे' नक्की केलं. पण त्याच वाक्यात पुढे आणखी आहे. धोरण दमदार आहे पण 'हॉकिश' (ससाण्यासारखं, लढाईला उतावीळ) नाही, संयमी आहे पण 'डव्हिश' (कबुतरासारखं, नमतं घेणारं) नाही. ससाणे आणि कबुतरं मराठीत उडत नाहीत.

जुनी_वही
जहाल आणि मवाळ! तयार जोडी आहे की. 'दमदार पण जहाल नव्हे, संयमी पण मवाळ नव्हे.'

तत्त्वबोका
सुंदर, पण मराठी वाचकाला १९०७चं सुरत आणि टिळक-गोखले दिसणार. आणि आपले जहाल काही युद्धखोर नव्हते.

लिंबूटिंबू
दिसू देत. रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराच्या बातम्यांतही हल्ली 'मवाळ पवित्रा' येतो, तिथे कुणाला गोखले आठवत नाहीत.

बोरूबहाद्दर
'मवाळ' ठेवतो. 'जहाल'च्या जागी 'युद्धखोर' घेऊ का, यावर आज रात्रीपर्यंत मत द्या. उद्या सकाळी मजकूर पाठवायचा आहे.