मदत हवी आहे: डाव्या आरशाची मेमरी चालत नाही, बटणाने मात्र आरसा नीट हलतो

नमस्कार मंडळी. मी जळगावचा. २०१२ सालची सेडान आहे, दुसऱ्या हातची घेतलेली. ड्रायव्हरच्या सीटला आणि दोन्ही साइड आरशांना मेमरी आहे, म्हणजे नंबरचं बटण दाबलं की सेव्ह केलेल्या जागी आपोआप येतात. १ नंबर सौ.चा, २ नंबर माझा. ती रोज भुसावळला नोकरीला जाते, मी आठवड्यातून दोनदा धरणगावमार्गे अमळनेर करतो. आमच्या उंचीत चांगला वीतभर फरक आहे, त्यामुळे ही सोय आम्हाला खरंच लागते.

प्रकार असा आहे. नंबर दाबला की सीट बरोबर येते, उजवा आरसाही जागेवर येतो. डावा मात्र खाली आणि बाहेर जात पार टोकाला टेकतो, काही सेकंद कट-कट वाजतो आणि थांबतो. मग काचेत नुसता रस्ता दिसतो. दोन्ही नंबरांना तेच. रिव्हर्स टाकल्यावर डावा आरसा फुटपाथ दिसावा म्हणून झुकतो, तोही परत वर येत नाही. बटणाने हलवला तर चारही बाजूंना छान फिरतो.

मागच्या आठवड्यात सौ. घाईत तशीच निघाली आणि महामार्गावर डावीकडून आलेला मोटारसायकलवाला तिला दिसलाच नाही. थोडक्यात वाचलं. तेव्हापासून मला चैन नाही.

फ्यूज पाहिला, ठीक आहे. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. दोन्ही नंबर नव्याने सेव्ह केले, फरक नाही. एका गॅरेजने पूर्ण आरसाच बदला म्हणून सांगितलं, किंमत ऐकून परत आलो. आमच्या गल्लीतला वायरमन म्हणाला, "मोटर चांगली शे भाऊ, आरसा नका बदलू." पण पुढे त्यालाही सुचेना.

एक विचित्र गोष्ट. आई डावीकडून गाडीत बसली की त्यानंतर कधीकधी मेमरी बरोबर चालते! याचा काही संबंध असेल का?

प्रतिसाद (धुळे):

भाऊ, तुमच्या आईंनीच बिघाड शोधून दिलाय.

आरशात दोन छोट्या मोटरी असतात, एक वर-खाली आणि एक आत-बाहेर. मेमरीच्या आरशात त्यांच्या जोडीला दोन पोटेन्शिओमीटर असतात. काच कुठे आहे हे ते व्होल्टेजच्या रूपात मॉड्यूलला, म्हणजे मेमरी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, कळवतात. बटणाने हलवताना हे लागत नाही, तुमचा डोळाच बघत असतो. मेमरीला मात्र त्याशिवाय काच कुठे थांबवायची ते कळत नाही, म्हणून ती टोकाला जाऊन कटकटते.

आता बघा, तुमच्या दोन्ही दिशा एकदम गेल्यात. दोन पोटेन्शिओमीटर एकाच दिवशी सहसा मरत नाहीत. दोघांना सामाईक असतात त्या ५ व्होल्टच्या सप्लायची आणि अर्थची वायर. त्यातली एक तुटली असणार, आणि दार उघडल्यावर ती टेकते म्हणजे दार आणि ते जिथे बिजागरीने जोडलेलं असतं तो गाडीचा खांब यांच्यामधल्या, वायरी नेणाऱ्या रबरी नळीत तुटली असणार. काही गाड्यांत मॉड्यूल दारातच असतं, तिथे या वायरी नळीतून जात नाहीत. तुमच्या लक्षणांवरून तुमच्या जातात असं वाटतं.

आरशाच्या आतल्या बाजूचं तिकोनी कव्हर काढा, कपलर (वायरी जोडणारा प्लग) दिसेल. इग्निशन चालू ठेवून मागून बारीक पिनने मोजा, वायरीला भोक पाडू नका. सप्लाय गेली असेल तर दोन्ही पोटेन्शिओमीटरचे सिग्नल शून्याजवळ असतील, अर्थ गेला असेल तर दोन्ही ५ व्होल्टजवळ. मग मीटर लावलेलं ठेवून दार हळूहळू हलवा.

प्रतिसाद:

दुरुस्तीआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा. दारात एअरबॅगचा सेन्सर असू शकतो, पिवळ्या कपलरला तर हात लावूच नका. आणि वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका, दार रोज हलतं, तिथेच परत तुटेल.

धागाकर्ता:

दादा, तुमचे पाय धरावेसे वाटतात. रविवारी वायरमनला घेऊन बसलो. दोन्ही सिग्नल शून्य, सप्लायही शून्य. दार अर्धं उघडलं की ५ व्होल्ट यायचे, लावलं की गायब. नळी सरकवली तर एका वायरीचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. वरून बघून कुणालाच कळलं नसतं.

तुटका भाग कापून चांगल्या लवचीक वायरीचा वीतभर तुकडा जोडला. दोन्ही सांधे नळीच्या बाहेर, दाराच्या आत आणि खांबाच्या आत घेतले, म्हणजे वाकणाऱ्या जागी सोल्डर नको. वर आकसणारी स्लीव्ह चढवली. बॅटरी जोडून दोन्ही नंबर पुन्हा सेव्ह केले. आरसा जागेवर येतो, रिव्हर्स काढला की वरही येतो.

उजव्या दाराची नळीही उघडून पाहिली. तिथे एका वायरीच्या आवरणाला तडे गेलेत. पुढच्या रविवारी ती बदलतोय.