नाल्यात जानेवारीत पाणी? मग ते मुरलं कुठं?

कोरडवाहू:
काल एकाने फोटो टाकला. नाला तुडुंब, तारीख जानेवारीची, खाली ओळ: 'कॅगला पाणी दिसत नाही, आम्हाला दिसतं. जलयुक्त शिवारला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा बांधावर यावं.' जलयुक्त शिवार म्हणजे पावसाचं पाणी गावातच अडवायचं राज्य सरकारचं अभियान, आणि कॅग म्हणजे सरकारी खर्चाचे लेखापरीक्षक. तिथंच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून हा धागा.

या अभियानातलं नाल्याचं खोलीकरण पाणी साठवायला होतं की मुरवायला, हे आधी ठरवा. मुरवायला असेल तर पाऊस उघडल्यावर नाला उतरत जायला हवा. जानेवारीत काठोकाठ असेल तर तळाला गाळ बसलाय. काळ्या मातीचा गाळ बोटभर जरी बसला तरी तळ लिंपल्यासारखा होतो. त्या फोटोत दिसतंय ते बाष्पीभवनाची वाट बघणारं पाणी.

आता पैसा. २०१४ च्या डिसेंबरात अभियान सुरू झालं, दरवर्षी ५,००० गावं टंचाईमुक्त करायची होती. कॅगचा अहवाल २०२० मध्ये सभागृहात आला: ९,६३३.७५ कोटी खर्च आणि भूजलावर परिणाम किरकोळ. मग एका सरकारने चौकशी लावली, दुसऱ्याने २०२२ मध्ये '२.०' म्हणून तेच पुन्हा आणलं. माझं भांडण दोघांशी आहे. बिल निघतं ते एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, नोंदवलेल्या उत्खननाच्या घनमीटरवर. खोदलं किती ते मोजलं, मुरलं किती ते कुणी मोजलंच नाही.

मुरूमखडक:
अर्धं ज्ञान. शेजारचं भूजल वर येऊन नाल्याच्या तळाला टेकलं असेल तर नाल्यातलं पाणी हलणारच नाही. म्हणजे पाणी उभं राहणं हे काम यशस्वी झाल्याचंही लक्षण असू शकतं. फोटोवरून गाळाचं निदान करणारे आपण पहिलेच.

आणि कॅगचं म्हणाल, तर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. वरून पडलंच नाही तर नाला काय मुरवणार? जे मुरलं ते लोकांनी उसाला उपसलं. तो दोष अभियानाचा कसा?

कोरडवाहू:
मुद्दा बरोबर, मी घाईत लिहिलं. मग निवाडा सोपा आहे. नाल्यापासून ५०-१०० मीटरवरची विहीर घ्या, दिवसभर मोटर बंद ठेवा, पाणनळी (समपातळी दाखवणारी पाणी भरलेली नळी) धरून विहिरीची पातळी नाल्याच्या पाण्याशी ताडून बघा. जवळपास सारखी असेल तर तुम्ही जिंकलात. विहीर चार-पाच मीटर खाली आणि नाला भरलेला, तर मधे गाळ नाही तर काळा पाषाण. फोटोवाल्यांनी हे मोजून टाकावं, मी धागा मागे घेतो.

पाऊस कमी होता, हे मान्य. पण २०१६ ला पाऊस बरा झाला तेव्हा विहिरी भरल्याचं श्रेय अभियानाला दिलं होतं ना? भरलं की योजना आणि आटलं की पाऊस, हे चालणार नाही.

मोजपट्टी:
दोघंही मूळ घोळ सोडून भांडताय. घोळ टीसीएमच्या, म्हणजे हजार घनमीटरच्या, हिशेबात आहे.

१ किमी नाला, रुंदी १० मीटर, खोली २ मीटर. उत्खनन २०,००० घनमीटर. कागदावर साठा २० टीसीएम, दोनदा भरतो म्हणून ४०. पण पाण्याचा पृष्ठभाग समपातळीत राहतो, नाल्याचा तळ राहत नाही. उतार शंभराला एक असेल तर २ मीटर पाणी फक्त बांधाला लागून असतं, मागे २०० मीटरवर शून्य. राहिली ती पाचर: अर्धा × २ × २०० × १० = २,००० घनमीटर. खोदलं त्याचा दहावा भाग. दर २०० मीटरला न खोदलेला पट्टा सोडला असता तर पाच पाचरी, १०,००० झाले असते. पण पट्टा सोडायचा म्हणजे पोकलेन उचलून पुढं न्यायचं आणि एमबीतलं उत्खनन कमी. कोण सोडेल?

शिवाय उपसलेला मुरूम काठालाच टाकतात. पहिल्या वळवाच्या पावसात तो परत आत. माथ्यावर समतल चर (उताराला आडवे खणलेले) नसतील तर वरची मातीही त्यातच.

आणि खोली वाढवायच्या नादात नाल्याचा तळ शेजारच्या विहिरीच्या पाण्याखाली गेला, तर विहिरीतलं पाणी नाल्यात उतरतं आणि खालच्या गावाला वाहून जातं. शिरपूरला तापीच्या गाळाच्या थरात जे खोल खोदणं चाललं, ते बालाघाट डोंगररांगेच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, डोळे झाकून कसं चालेल?

बर्गेवाला:
नवीन खोदाईवर एवढं लिहिता, असलेल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचं काय? ऑक्टोबरात प्रवाह उतरताना बर्गे, म्हणजे खाचेत बसवायच्या लोखंडी फळ्या, बसवले तरच पाणी अडतं. रबरी सील गेलेलं, अर्धे बर्गे भंगारात, उरलेले वाकलेले म्हणून खाचेत बसत नाहीत. नवीन बांधाला निधी मिळतो, जुन्याच्या बर्ग्यांना 'देखभाल दुरुस्तीत तरतूद नाही'. उद्घाटन होत नाही ना बर्ग्याचं.

कोरडवाहू:
हे खरंय, पण विषय वेगळा. शेततळ्यांवर बोला त्यापेक्षा. 'मागेल त्याला शेततळे'मध्ये सरकारने ५०,००० पर्यंत दिले, ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर. शेतात पडलेला पाऊस अडवायला होतं ते. प्रत्यक्षात ५०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक अंथरून ऑगस्ट-सप्टेंबरात बोअरने भरतात. तासाला १५,००० लिटर धरले तर १४६ तास. आठ तास वीज असेल तर अठरा दिवसांत सगळ्या शिवाराचं पाणी एकाच्या टाकीत. शिवाय भरल्या तळ्यावर मार्चमध्ये रोज ६ मिमी धरली तरी ५,४०० लिटर वाफ.

तळ्याला अनुदान, पंपाच्या विजेला सवलत आणि एप्रिलमध्ये त्याच गावाला टँकर. एकाच पाण्यासाठी करदात्याने तीनदा पैसे मोजायचे.

डाळिंबराव:
झालं, शेतकरी चोर! साहेब, १२ × १२ फुटावर डाळिंबाची एकरी ३०० झाडं. उन्हाळ्यात झाडाला ३० लिटर धरले तर एकरी रोज ९,०००. दोन एकराचे १८,००० आणि तुमची वाफ मिळून साडेतेवीस हजार. २२ लाख लिटर तीन महिने पुरतात, फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. तेवढं नसेल तर बाग जळते आणि पुढची तीन वर्षं हातात फळ नाही. धरणातून कालव्याने येताना किती पाणी पाझरतं, ते तुमच्या पुस्तकात नाही वाटतं?

आणि बोअर सगळ्यांनाच आहे. तुमचा राग पाण्यावर नाही, ठिबकवाल्याच्या चार पैशांवर आहे.

कोरडवाहू:
चोर हा शब्द माझ्या एकाही वाक्यात नाही. तुम्हाला ऐकू आला, तर तो तुमचा प्रश्न.

कालव्यातून पाझरलेलं खालच्या विहिरीत तरी उतरतं, वाफ झालेलं कुणाच्याच विहिरीत येत नाही. बोअर सगळ्यांना आहे म्हणता, पण ६०० फुटांचा सगळ्यांना नाही. २००९ चा भूजल कायदा अधिसूचित (सरकारने जाहीर केलेल्या) क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई करतो, म्हणजे साधारण २०० फूट. २०० फुटांवरचा शेजारी आधी कोरडा पडतो आणि त्याच्या घरच्यांना टँकरपुढं घागर धरावी लागते.

मुरूमखडक:
कायदा दाखवू नका, हिवरे बाजार दाखवा. तिथं शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. ते गावाने ठरवलं म्हणून झालं. ९,६३३ कोटींत ग्रामसभेची शिस्त विकत मिळत नाही, एवढंच मी म्हणतोय.

मोजपट्टी:
म्हणजे कोरडवाहूंचंच म्हणणं तुम्ही चिडून मांडताय. ताळेबंद गाव आराखड्यात भरायचा होताच. तो आराखडा मंजुरीपुरता भरला, नंतर उघडला नाही. आणि ताडायला आकडे कुठले? अभियानाच्या काळात भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरी राज्यभरात चारएक हजार होत्या, मोजणी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. गावं चाळीस हजारांवर. दहा गावांमागे एक विहीर, त्यावरून तुमच्या नाल्याचं यश ठरवताही येत नाही आणि अपयशही.

मुरूमखडक:
पाचरीचा हिशेब मान्य. दहावा भाग जरा जास्तच झोंबला, पण मान्य. गाळाचं निदान मात्र अजून अमान्य.

डाळिंबराव:
मीही एक देतो, घ्या. प्लॅस्टिकचं तळं पुनर्भरणात मोजू नका. फळबागेच्या खात्यात टाका, अनुदान तिथून द्या. पण द्या.

कोरडवाहू:
फळबागेच्या खात्यात टाकून, तळं बोअरने भरणार नाही असं लिहून देणार असाल तर माझी सही पहिली.

डाळिंबराव:
सहीला शाई नाही. पुढचं बोला.

बर्गेवाला:
पुढचं मी बोलतो. एका बर्ग्याला किती खर्च येतो ते कुणी विचारलंच नाही.