मदत हवी आहे: मेल सर्व्हरचा सीपीयू चढला की अलर्ट कसा मिळवावा?

कृष्णाकाठ:
मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत पेढीचा मेल सर्व्हर मी बघतो. उबुंटूवर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट (मेलची ने-आण आणि मेलपेट्या), अमाविस (मेलची तपासणी) आणि क्लॅमएव्ही (अँटिव्हायरस). कोअर ४, रॅम ४ जीबी. सौदे उरकले की खरेदीदारांना बिलांच्या पीडीएफ एकदम सुटतात आणि सीपीयू शंभराला टेकतो. मेल रांगेत तुंबतात. मग दिवाणजींचा फोन, "बिलं पोचली न्हाईत म्हणत्यात, बघा जरा." हे मला फोनच्या आधी कळायला हवं.

मोनिट (सर्व्हरवर नजर ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकलंय. युजर सीपीयूला (प्रोग्राम चालवण्यात जाणारा भाग) ८० टक्के मर्यादा दिली तर अलर्टचा नुसता भडिमार, ९५ दिली तर शुकशुकाट. त्यात अलर्टही ह्याच सर्व्हरमधून जातो, म्हणजे तोही बिलांच्या मागे रांगेत! झॅबिक्ससारखी मोठी देखरेख यंत्रणा कृपया सुचवू नका, एका सर्व्हरसाठी एवढा पसारा मालकांना पटायचा नाही.

रात्रपाळी:
९५ ला शुकशुकाट असणारच. शंभरातला बराच भाग 'वेट' असेल, म्हणजे सीपीयू डिस्कची वाट बघत बसलाय. मोनिटमध्ये युजर, सिस्टिम आणि वेट यांना वेगवेगळ्या मर्यादा देता येतात. वेटला २० टक्के द्या. युजरला ८० च राहू दे, पण 'सलग ५ सायकल' (मोनिटच्या तपासणीच्या फेऱ्या) ही अट जोडा. सायकल ६० सेकंदांची असेल तर पाच मिनिटं टिकलेला चढच कळवला जाईल. लोड ॲव्हरेजवरही (चालू आणि ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी) एक अट हवी. लिनक्समध्ये डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही त्यात धरतात, त्यामुळे चार कोअरवर लोड ८ आणि युजर कमी दिसला तर डिस्क किंवा स्वॅप (रॅम भरली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) तपासा.

अलर्ट मेलने नकोच. मोनिटमधून स्क्रिप्ट चालवता येते, तिच्यातून टेलिग्राम बॉटला कर्ल कमांडने निरोप पाठवा. एसएमएसच्या वाटेला जाऊ नका, व्यावसायिक एसएमएससाठी लागणाऱ्या डीएलटी नोंदणीचे सोपस्कार एका पेढीसाठी कोण करणार? आणि यंत्रच गोठलं तर मोनिटही गप्प. म्हणून पेढीतल्या दुसऱ्या एखाद्या पीसीवरून सर्व्हरचं पोर्ट २५ (मेल घेण्याचं दार) ठरावीक वेळाने तपासणारा क्रॉन लावून ठेवा.

कृष्णाकाठ:
वेट खरंच ४० च्या वर निघाला, स्वॅपही भरलेला. आता?

रात्रपाळी:
क्लॅमएव्ही एकटंच जीबीभर रॅम खातं. नव्या सिग्नेचर (व्हायरस ओळखायच्या खुणा) चढवताना जुन्याही मेमरीत असतात, तेव्हा जवळपास दुप्पट. क्लॅमएव्हीच्या सेटिंगमधलं 'कॉन्करंट डेटाबेस रीलोड' बंद करा, तेवढा वेळ स्कॅन थांबेल पण स्वॅप वाचेल. तरी मालकांना ८ जीबीचं सांगाच.

मिरजकर:
बिलं पेढीच्याच सॉफ्टवेअरमधून निघतात ना? मग त्यांची स्पॅम तपासणी वगळा, व्हायरसची राहू द्या. आणि एकदम सोडण्यापेक्षा पन्नास-पन्नासच्या खेपांनी सोडता येतात का ते विचारा.

कृष्णाकाठ:
खेपांचं सॉफ्टवेअरवाल्याला विचारतो. टेलिग्रामची स्क्रिप्ट कुणाकडे तयार असेल तर इथे टाका.