जुलैची ट्यूबिंग सहल: दोरी, जॅकेट आणि पाण्याचा आकडा

सहल समितीकडून, सगळ्यांना:

नमस्कार मंडळी, यंदा जुलैत टेक्सासातल्या न्यू ब्राउनफेल्सला ट्यूबिंगला, म्हणजे हवेच्या ट्यूबमध्ये बसून नदीत तरंगायला, जाऊ या असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. ग्वाडालूपे नदी, कॅन्यन डॅमच्या खालचा पट्टा. दोन-तीन तास आरामात तरंगत जायचं, मग काठावर जेवण. सगळ्या ट्यूब एका दोरीने बांधून घेऊ म्हणजे कोणी मागे राहणार नाही आणि अंताक्षरीपण होईल. लाइफ जॅकेट फक्त छोट्यांना घेऊ का? मोठ्यांना तशी गरज वाटत नाही, पाणी बऱ्याच ठिकाणी कंबरेइतकंच आहे. मतं कळवा.

---

ब्रह्मपुरीहून, सगळ्यांना:

भाऊ, मेल आत्ता पाहिला, इथे गावात दुपारपासून लाइट नव्हती आणि ऊन असं की माणूस तर सोडा, कुत्रंही घराबाहेर निघत नाही. सहल नक्की करा जी, मी जूनअखेर परत येतो, माझं नाव लिहून ठेवा. पण ती दोरी काढून टाका. एक ट्यूब झाडाच्या पडलेल्या फांदीत नाहीतर पुलाच्या खांबाला अडकली की मागच्या सगळ्या तिच्यावर येऊन दाबतात, आणि दोरीत पाय गुंतलेला माणूस पाण्याखाली गेला तर वरून कोणाला सोडवता येत नाही. एकमेकांचे हात धरा, ट्यूबच्या हँडलला पाय लावा, पुढे अडथळा दिसला की सोडून द्या, एवढं पुरे.

आणि कंबरेएवढ्या पाण्याचं म्हणाल तर मला भीती तिथेच वाटते. वाहत्या पाण्यात ट्यूब उलटली की माणूस पहिले उभं राहायला जातो, पाय दोन दगडांच्या फटीत बसतो, मागून पाणी ढकलतं आणि तो तोंडावर पडतो. मग कंबरेएवढं पाणीही जीव घ्यायला पुरतं. म्हणून पोरांना आधीच शिकवा, घरी गालिचावर झोपवून शिकवा पाहिजे तर: पडलं की पाठीवर व्हायचं, पाय वर, बोटं वाहत्या दिशेला, आणि पाणी गुडघ्याच्या खाली आल्याशिवाय उभं राहायचं नाही. पायात पट्ट्याचे सँडल, स्लीपर नको, ती पहिल्याच धारेत जाते.

आपल्यातले बरेच जण ट्रकच्या ट्यूबवर पोहायला शिकलो, व्हॉल्व्हने पोट खरवडलेलं अजून आठवत असेल. तेव्हा काठावर बसून लक्ष ठेवणारं कोणीतरी असायचं. आमच्या वैनगंगेच्या घाटावर अजूनही डोंगा, म्हणजे नाव, सोडायचा की नाही हे नावाडी ढिवर काका ठरवतात आणि ते नाही म्हटले की सरपंच आला तरी डोंगा सुटत नाही. उन्हाळ्यात नदी अशी आटलेली की पलीकडे चालत जाता येतं, पण रेती उपसलेल्या जागी डोह तयार झालेत, वरून दिसत नाहीत, म्हणून काका पोट्ट्यांना कुठे उतरायचं ते बोट दाखवून सांगतात. पावसाळ्यात गोष्टच वेगळी. इथे आभाळ निरभ्र असतं आणि वर गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खाली पाणी चढतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये तर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं आणि आमच्या तालुक्यातली गावं पुरात गेली, तेही इथल्या पावसाने नाही.

ग्वाडालूपेचं तेच आहे, वर धरण आहे. यूएसजीएस या नद्यांचं पाणी मोजणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेच्या साइटवर तिचा प्रवाह सीएफएसमध्ये दिसतो, म्हणजे आपल्या पेपरातलं क्युसेकच, सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. आज फोन करून ट्यूब भाड्याने देणाऱ्यांना विचारा की किती सीएफएसच्या वर तुम्ही कुटुंबांना पाण्यात सोडत नाही, तो आकडा या लिस्टवर टाका, आणि सहलीच्या सकाळी आकडा त्याच्या वर असला तर सहल त्या दिवशी नदीवर नाही. काठावर उभं राहून, पोहे खाऊन, गाड्या लावून झाल्यावर तिथे चर्चा नको, कारण तेव्हा इतक्या लांब आलोय असं म्हणून सगळे उतरतातच. एका माणसाला अधिकार द्या. तो नाही म्हणाला की नाही. आणि 4 जुलै 2025 ला याच नदीच्या वरच्या अंगाला, केर काउंटीत, रात्रीतून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, शंभरावर माणसं गेली. आदल्या रात्रीचा वेदर अलर्टही बघायचा, वीज कडाडली तर बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात पाय नाही.

जॅकेट सगळ्यांना. भाड्याचे पैसे जास्त झाले तर मी घालतो. वरूड तालुक्यात झुंजला 14 सप्टेंबर 2021 ला वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले, त्यानंतर मला हा प्रश्न वादाचा वाटतच नाही. दंडाला लावायचे फुगे चालणार नाहीत, कोस्ट गार्डची मान्यता असलेलं, मापाचं, लहान मुलांना दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या. धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी जुलैतही गार असतं, अचानक पडलं की श्वास अडकतो, चांगल्या पोहणाऱ्याचापण. बिअर काठावर, जेवणासोबत, आधी अजिबात नाही.

---

सॅन अँटोनियोहून, सगळ्यांना:

भाऊ, बरं झालं लिहिलंत. माझे आईबाबा वणीहून आलेत, बाबांना बीपी आहे, दोघांनाही पोहता येत नाही, पण नदीवर यायची फार हौस. त्यांना काठावर बसवून ठेवायला जिवावर येतं. न्यू ब्राउनफेल्समधल्याच कोमालवर नेलं तर? ती झऱ्याची नदी आहे, बाराही महिने बावीस अंशांच्या आसपास, आणि सगळी मिळून अडीच मैलांची. आई म्हणते साडीवर बसते ट्यूबमध्ये, मी नाही म्हटलं, कापड गुंडाळलं तर?

---

ब्रह्मपुरीहून:

ताई, कोमालच बरी. साडी नको, लेगिंग आणि घट्ट टीशर्ट द्या. बाबांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. शहराचा ट्यूब शूट, म्हणजे ट्यूब घसरत खाली जायची वाट, येतो तिथे धार जोरात असते, आईबाबांना आधीच बाहेर काढा, काठाने चालत पुढे न्या. प्रत्येक न पोहणाऱ्यामागे एक पोहणारा, नावानिशी ठरवून. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही, तोंड पाण्याच्या वर-खाली होतं आणि शांत होतो, म्हणून बघत राहणं हेच काम. कोणी अडचणीत दिसलं तर आपण उडी घ्यायची नाही, दोरी, काठी, ट्यूब काहीही फेका. थ्रो बॅग, म्हणजे फेकायची दोरी भरलेली पिशवी, दोन-तीन जणांच्या कमरेला एकेक असू द्या, ती किंमत वसूल होते.

---

सहल समितीकडून:

वाचलं सगळं. दोरी रद्द. सगळे कुटुंबवाले कोमालवर, ग्वाडालूपे यंदा नाही. कोमालचा आकडा विचारायला आजच फोन करतो, आणि त्या सकाळी नाही म्हणायचा अधिकार ब्रह्मपुरीवाल्या भाऊंकडे, हरकत असेल तर बुधवारपर्यंत सांगा. पाणी जास्त असलं की शहर स्वतःच नदी बंद करतं, तसं झालं तर लांडा पार्कात जेवण करून परत. शहराच्या हद्दीत नदीवर एकदा वापरून टाकायचे डबे-बाटल्या चालत नाहीत, म्हणून ताक आणि पन्हं स्टीलच्या झाकणाच्या बाटल्यांत, भरपूर. सकाळी गाडीपाशी तर्री-पोहे, सांबारवड्या दुपारी. गाडीच्या चाव्या वॉटरप्रूफ पाउचमध्ये, एक गाडी खालच्या घाटाला आधीच लावून ठेवू. सनस्क्रीन पायाच्या वरच्या बाजूला आणि गुडघ्यांना विसरू नका, ट्यूबमध्ये तेच उन्हात असतात.

जॅकेटसाठी प्रत्येकाने नाव, वजन पाउंडात आणि पोहता येतं की नाही असं रविवारपर्यंत पाठवा. मुलांचं वजन आत्ता करून पाठवा, मागच्या वर्षीचं नको.