मदत हवी आहे: ग्राफिक कार्ड बदललं तरी गेम अडकतोच, प्रोसेसर आत्ताच बदलू का?

तापीकाठ९९ (भुसावळ), दुपारी ३:१२
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा. माझा पीसी २०१९ चा आहे, प्रोसेसर रायझन ५ २६००. गेल्या महिन्यात साठवलेल्या पैशातून आरटीएक्स ४०६० टाकलं, आधी जीटीएक्स १६५० होतं, वाटलं आता सुटलो, पण गेम तसाच अडकतो, म्हणजे चालतो चालतो आणि मधेच गचकन थांबतो, सेटिंग लो केलं तरी तेच आणि हाय केलं तरी तेच. एका दुकानात विचारलं तर म्हणाले प्रोसेसर जुना झाला, बोर्ड प्रोसेसर रॅम सगळंच बदलावं लागेल. माझा आतेभाऊ मुंबईला असतो, तो उद्या रात्रीच्या गाडीने घरी येतोय, लॅमिंग्टन रोडवरून आणू शकतो, पण त्याला उद्या सकाळी दहाच्या आत नक्की काय आणायचं ते सांगायचंय. बजेट पंचवीस हजार, त्यापुढे एक रुपया नाही. बदलू की थांबू? आणि बदलायचा तर कोणता?

गोलाणीकर (जळगाव), ३:२०
कोणता गेम? किती रिझोल्युशन? बोर्ड कोणता? रॅम किती आणि किती स्टिक? यातलं एकपण लिहिलं नाही भो तू, सांगायचं कशावरून?

पांझरा_किनारा (धुळे), ३:२६
२६०० आता संपला. भो तुले सांगस, जुन्या घराला रंग देत बसू नको. सरळ एएम५ वर जा, तो एएमडीचा नवा सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२२ ला आला आणि २०२७ च्या पुढेपर्यंत चालवणार असं एएमडीने सांगितलंय. मी मागच्या वर्षी त्यावरचा रायझन ५ ७६०० घेतला, पाच वर्षं बघायचं काम नाही.

तापीकाठ९९, ३:३१
गेम सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) आणि सायबरपंक २०७७. १०८०पी. बोर्ड बी४५०. रॅम १६. कामाचं सांगा ना, वेळ नाहीये.

शिरपूर_दादा, ३:४०
इंटेल १२४००एफ घे. २०२२ पासून माझ्याकडे आहे, सहा कोर बारा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), तापत नाही, कटकट नाही. डीडीआर४ चा बोर्ड घेतला तर तुझी जुनी रॅमपण चालून जाईल.

गोलाणीकर, ३:४६
दादा, १२४००एफ चांगलाच आहे, पण त्याला बोर्ड नवा लागणार. याच्या बी४५० वर रायझन ५ ५६०० बसतो, फक्त बायॉस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचं. तेवढाच वेग नुसत्या चिपच्या पैशात मिळत असेल तर बोर्डचे पैसे कशाला घालायचे? आणि पांझरा भाऊ, एएम५ ला डीडीआर५ शिवाय चालतच नाही. दिवाळीपासून रॅमचे भाव कुठे गेलेत माहीत आहे ना? पंचवीस हजारात याचा बोर्ड, प्रोसेसर, रॅम होतं का, तुम्हीच सांगा.

पांझरा_किनारा, ३:५२
होत नसेल तर दोन महिने थांबावं आणि पैसे जमवावे. मेलेल्या सॉकेटमध्ये दहा हजार घालणं म्हणजे ते पैसे पाण्यात. पुढच्या वेळी परत बोर्डापासून सुरुवात.

गोलाणीकर, ३:५५
मेलेला कसा? याच्या बोर्डच्या २०१७ च्या एएम४ सॉकेटवर २०२२ ची चिप बसते, याला मेलेला म्हणत नाहीत. दुकानात रोज पाच-सात मशीन उघडतो मी.

केळीबाग (रावेर), ४:१०
आधी मोजून घे रे, मग भांडा सगळे. एमएसआय आफ्टरबर्नर टाक, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दिसतात. चार आकडे लाव: ग्राफिक कार्डचा वापर, प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड वेगवेगळा, प्रोसेसरचं तापमान आणि त्याचा क्लॉक, म्हणजे वेग. कार्ड ९७-९९ टक्क्यांवर पळत असेल तर प्रोसेसर बदलून काही हाती लागणार नाही. कार्ड साठ-पासष्टवर रेंगाळत असेल तर त्याला पुढून काम मिळत नाहीये. आमच्याकडे केळी भरताना घड कापणारे चार आणि ट्रकमध्ये थप्पी लावणारे दहा असले तर दहातले सहा नुसते उभे राहतात, आणखी थप्पीवाले बोलावून ट्रक लवकर भरत नाही. तू १६५० काढून ४०६० टाकलंस म्हणजे थप्पीवाले वाढवलेस. लो आणि हाय दोन्हीवर सारखंच अडकतं म्हणतोस ना, तिथूनच मला कापणीवाल्यांची, म्हणजे प्रोसेसरची, शंका येतेय.

आणि टास्क मॅनेजरमध्ये एकूण ४०-४५ टक्के दिसतं म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असं समजू नको. २६०० ला बारा थ्रेड आहेत, गेमचा मुख्य थ्रेड एकटा शंभरवर जाऊन धापा टाकत असला तरी एकूण आकड्यात तो आठच टक्के मोजला जातो. मी यात स्वतः सहा महिने फसले होते.

अजून एक, रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आण. एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) वाढले नाहीत तर अडचण कार्डात नाही.

अमळनेरचा_आबा, ४:२२
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे हे लक्षात असू द्या. २६०० विंडोज ११ च्या यादीत बसतो, त्याच्या आधीचा १६०० बसत नाही. बायॉसमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करायचं. मुलाच्या पीसीवर मीच केलं, वीस मिनिटांचं काम.

तापीकाठ९९, ४:२५
आबा ते झालंय, ११ च आहे. ताई, टाकतो आफ्टरबर्नर.

शिरपूर_दादा, ४:३१
नाहीतर फ्रेम जनरेशन चालू कर, कार्ड मधली चित्रं स्वतःच बनवतं, ४०६० मध्ये आहे ते. फुकटात एफपीएस दीडपट.

केळीबाग, ४:३८
दादा, सायबरपंकमध्ये आहे ते, सीएस२ मध्ये नाही. आणि आकडा वाढतो तरी मधला झटका जात नाही, माऊस हलवल्यावर उशिरा हलतं ते वेगळंच. मुळात प्रोसेसर पुरत नसेल तर ते वरून लावलेलं ठिगळ आहे. सायबरपंकसाठी त्यापेक्षा गर्दीचं सेटिंग कमी करा आणि रे ट्रेसिंग बंद करा, दोन्हीचा भार प्रोसेसरवरपण पडतो.

तापीकाठ९९, सायंकाळी ६:४७
हे घ्या. सीएस२, बॉट (कॉम्प्युटरचे खेळाडू) भरून, गेममधला धूर सोडून. कार्ड ५५ ते ६०. एक थ्रेड ९६-१००. एफपीएस सरासरी ७१, ७२०पी वर ७३. एक टक्का लो (सगळ्यात हळू एक टक्का क्षणांचे एफपीएस) ३४. तापमान ९३. क्लॉक सुरुवातीला ३.७ गिगाहर्ट्झ दिसतो आणि दहा मिनिटांनी ३.१ वर येतो. म्हणजे प्रोसेसरच ना? ५६०० सांगून टाकू भावाला?

गोलाणीकर, ६:५१
थांब थांब थांब. ९३?? २६०० ची हद्द ९५ आहे. तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतोय, ३.४ हा त्याचा बेस आहे आणि तू त्याच्याही खाली गेलास. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट शेवटची कधी बदलली? पीसी कुठे ठेवलाय?

तापीकाठ९९, ६:५५
पेस्ट कधीच नाही. वरच्या खोलीत, स्लॅबखाली. दुपारी तिथे बसवत नाही, पंख्याची हवा गरमच येते.

गोलाणीकर, ६:५८
भुसावळ, मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे, स्लॅबची खोली आणि सात वर्षांची पेस्ट. प्रोसेसरला दोष कसा देऊ? कूलर काढ, साफ कर. जमलं तर कूलरच बदल, कंपनीचा सोबत आलेला छोटा आहे.

अमळनेरचा_आबा, ७:०५
कूलरबद्दल सांगतो, आमच्याकडे पत्र्याचा मोठा आहे, वाळ्याच्या ताट्या लावल्या की खोली एकदम गार. पण पाणी बोअरचं असेल तर क्षार बसतात, ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात. अमळनेरला ताट्यांचे भावपण वाढलेत या वर्षी.

गोलाणीकर, ७:०८
आबा, मी प्रोसेसरवरच्या कूलरचं म्हणतोय. आणि तापीकाठ, तो पाण्याचा कूलर पीसीच्या तोंडावर लावू नको हां, ओली हवा आणि धूळ मिळून आत चिखल होतो. एका गिऱ्हाईकाचा बोर्ड असाच आला होता, स्लॉटमध्ये हिरवं पडलं होतं.

केळीबाग, ७:१५
रॅमचं राहिलं. १६ म्हणजे एक स्टिक की दोन? झाकण उघडून फोटो टाक. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड किती दिसतो तेपण सांग.

तापीकाठ९९, ७:३३
आठ-आठच्या दोन, ३२०० च्या. दुसरी २०२१ ला एका दुकानात बसवून घेतली. फोटो टाकलाय. स्पीड २१३३ दिसतोय, हे कसं काय?

केळीबाग, ७:४०
बघ, चार स्लॉट आहेत आणि दोन्ही स्टिक पहिल्या-दुसऱ्यात, एकमेकींना चिकटून. दोन्ही एकाच चॅनलवर बसल्यात, म्हणजे रस्ता दुपदरी असून तू पाच वर्षं एकाच लेनने चालवतोयस. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये टाक. आणि २१३३ म्हणजे एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) बंद आहे. रायझनच्या आतला जोडरस्ता रॅमच्या क्लॉकला बांधलेला असतो, रॅम हळू तर प्रोसेसरपण हळू. बायॉसमध्ये जाऊन चालू कर. ३२०० वर चालू झालं नाही तर २९३३ ठेव, २६०० ला कंपनीने तेवढंच सांगितलंय. नंतर सीपीयू-झेड मध्ये खात्री कर, तिथे आकडा निम्मा दिसतो, १४६६ दिसला की २९३३ आहे, घाबरू नको.

पांझरा_किनारा, ७:४८
हे सगळं करून दहा-वीस एफपीएस मिळतील. २०१८ ची चिप ती २०१८ चीच राहणार.

केळीबाग, ७:५२
मिळू दे की दहा-वीस. पेस्टच्या पैशात मिळतायत. तरीही कमी पडलं तर तेव्हा प्रोसेसर घ्यायचा, आणि तेव्हा खात्रीने घेता येईल.

गोलाणीकर, ८:०२
तापीकाठ, कूलर काढायच्या आधी हे वाच. पीसी बंद करून लगेच उपसू नको. आधी पंधरा मिनिटं गेम चालव म्हणजे वाळलेली पेस्ट मऊ होते, मग बंद कर, लाईटची पिन काढ, चारही स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल कर. मागची पट्टी खाली पडते, बोर्ड आडवा ठेव. आणि कूलर सरळ वर ओढायचा नाही, बरणीचं झाकण फिरवतो तसा डावी-उजवीकडे हलकेच फिरवायचा, सुटला की मग उचलायचा. सुरुवातीला मी एकदा सरळ ओढला होता, लॉक लावलेलं असताना प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून बाहेर. कोपऱ्यातल्या दोन पिना आडव्या झाल्या. शिसं घालायच्या पेन-पेन्सिलीच्या रिकाम्या नळीत एकेक पिन घालून सरळ केल्या, हात थरथरत होते, गिऱ्हाईक समोर बसलेलं. चालू झाला देवाच्या कृपेने. तुझ्यावर ती वेळ नको यायला.

तापीकाठ९९, ८:०६
वाचूनच भीती वाटली. पेस्ट आणायला चाललो, दुकान साडेआठला बंद होतं.

शिरपूर_दादा, ८:२०
४०६० ला बोर्डशी जोडणाऱ्या आठच लेन असतात आणि बी४५० चा कार्डाचा स्लॉट जुन्या तिसऱ्या पिढीचा, तिथेपण मार खातंय कार्ड. म्हणून म्हणत होतो बोर्ड बदल.

गोलाणीकर, ८:२४
खातंय, पण थोडंच. कार्ड साठ टक्क्यांवर बसलंय दादा, लेनचं दुखणं त्यानंतरचं.

तापीकाठ९९, दुसऱ्या दिवशी सकाळी ८:५०
रात्री दीडला झोपलो. कूलरच्या पात्यांखाली धुळीची गादीच होती, बोटाने उचलली तर अख्खी चिंधीसारखी निघाली. पेस्ट खडूसारखी झाली होती. गोलाणीकर भाऊ, फिरवून काढला, सुटला नीट, प्रोसेसर जागेवरच राहिला. रॅम दुसऱ्या-चौथ्यात टाकली, ३२०० वर तीनदा चालू झालाच नाही, २९३३ वर झाला. तीच मॅच, तसेच बॉट, तोच धूर: तापमान ७९, क्लॉक ३.७ हलत नाही, सरासरी ९४, लो ५८. कार्ड ७०-७५. झटका जवळपास गेला. पाच वर्षं मी असा खेळत होतो, लई वाईट वाटलं.
आता दहा वाजत आलेत, भावाला काय सांगू? ५६०० आणू दे की नको?

केळीबाग, ९:०२
मॉनिटर किती हर्ट्झचा आहे?

तापीकाठ९९, ९:०४
७५. का?

केळीबाग, ९:१०
कारण हे काल पहिल्यांदा विचारायला हवं होतं मी. ७५ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ७५ च चित्रं दाखवतो, तुझी सरासरी ९४ आहे. राहिला तो लो. आज ५६०० टाकलास तर सरासरीचा फायदा तुला बहुतेक दिसणारच नाही. ज्या दिवशी १४४ चा मॉनिटर घेशील त्या दिवशी प्रोसेसर कमी पडेल, तेव्हा घे.

गोलाणीकर, ९:१५
इथे मी ताईंशी सहमत नाही. एएम४ च्या चिपा आता कमी होत चालल्यात, ५८००एक्स३डी तर मला नवा मिळतच नाही. ५६०० आज मिळतोय, दिवाळीला याच भावात मिळेल याची हमी कोण देणार? घेऊन ठेवायला हरकत नाही. बायॉस मात्र जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करायचा, आधी चिप बदलली तर डिस्प्ले येणार नाही. आणि अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड गेला, यूपीएस नसेल तर कुणाचा तरी आण.

पांझरा_किनारा, ९:२१
मीपण थांबच म्हणेन, पण एएम५ साठी. ते पैसे वेगळे ठेव.

तापीकाठ९९, ९:४०
भावाशी बोललो. प्रोसेसर नको सांगितलं. त्याच्याकडे जुना यूपीएस पडलाय तो मागवलाय, बायॉस या आठवड्यातच करून ठेवतो म्हणजे ५६०० चा रस्ता मोकळा राहील. पंचवीस हजार तसेच ठेवतो, दिवाळीला मॉनिटर, मग परत हीच मॅच लावून आकडे टाकतो इथे. सायबरपंक अजून तपासलं नाही, गर्दी कमी करून आज रात्री बघतो.

केळीबाग, ९:४४
बाजारातल्या गर्दीत बघ, रिकाम्या रस्त्यावर नको. आणि लो लिही, सरासरी नाही लिहिली तरी चालेल.