खपली गहू : 'रानगहू' म्हणावं का?

प्रश्न : खपलीच्या पिठाच्या एका पिशवीवर 'रानगहू' छापलंय, दुसरीवर 'सर्व गव्हांची आई'. यातलं बरोबर काय? आणि जखमेवरच्या खपलीशी या नावाचा संबंध आहे का?

– आहे. खपली म्हणजे वर घट्ट धरून बसलेला पापुद्रा. या गव्हाचं तूस मळणीत सुटत नाही. ओंबीचे तुकडे पडतात, एकेका तुकड्यात बहुधा दोन दाणे, तुसात गुंडाळलेले. (काहीजण 'जोड गहू' म्हणतात.) ते पुन्हा सडावे लागतात. शरबती, बन्सीला ही कटकट नाही.

'रानगहू' मात्र चूक. खरा रानगहू तुर्कस्तानच्या आग्नेयेपासून इस्रायलपर्यंत डोंगरउतारांवर आजही आपोआप उगवतो. कृषिशास्त्रज्ञ आरोन आरोनसोन यांना तो १९०६ साली आजच्या इस्रायलमधल्या रोश पिना गावाजवळ सापडला. त्याची ओंबी पिकली की स्वतःच तुटून गळते. कापणाऱ्याच्या हाती न गळलेल्या ओंब्याच जास्त लागणार, आणि बी म्हणून त्याच पेरल्या जाणार. असं पिढ्यान् पिढ्या होऊन, दहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास, न गळणारा झाला तो खपली. आता त्याला पेरणारा माणूस लागतो. मग रान कुठलं?

– म्हणजे 'माणसाळलेला'? हा शब्द मला हत्तीघोड्यांपुरताच बरा वाटतो.

– मला गव्हालाही चालेल. 'लागवडीखाली आणलेला' म्हटलं की शेत कळतं, पिकात झालेला बदल कळत नाही. लोक रानगहूही पेरत होते, आणि तो बराच काळ गळतच होता. म्हणजे लागवड झाली, माणसाळणं व्हायचं होतं.

– आणि 'आई'चं काय?

– पोळीच्या गव्हापुरतं अर्धं खरं. खपलीच्या कुळात २८ गुणसूत्रं, पोळीच्या गव्हात ४२. जास्तीची १४ एजिलॉप्स टाऊशी या गवताची. शेती पूर्वेकडे सरकत कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेला पोचली, तिथे २८ गुणसूत्रांच्या गव्हाचा या गवताशी संकर झाला. म्हणून ४२ गुणसूत्रांचा रानगहू जगात कुठेच नाही. तो शेतातच जन्मला. बन्सी २८चाच, खपलीचा भाऊबंद, पण तूस सोडणारा. 'सर्व गव्हांची' हे तर नाहीच. १४ गुणसूत्रांचा एकदाणी गहू वेगळ्याच रानगवतातून आलाय. तुर्कस्तानातल्या काराजादाग डोंगराजवळच्या त्याच रानगवताशी त्याचं सगळ्यात जवळचं नातं १९९७ साली दाखवलं गेलं. खपली त्याची आई नव्हे.