मदत हवी आहे: टाचेच्या दुखापतीवर अ‍ॅक्युपंक्चर, कोथरूड परिसर

वेताळवाट
नमस्कार. डिसेंबरमधील पुणे मॅरेथॉनसाठी माझा सराव सुरू आहे आणि नेमकी आताच टाच दुखू लागली आहे. गोळ्या, बर्फ, विश्रांती हे सर्व करून झाले आहे, तेव्हा कृपया तेच पुन्हा सुचवू नये. आमच्या गटातील दोघांना अ‍ॅक्युपंक्चरने गुण आला आहे, पण ते दोघेही पिंपरीच्या पलीकडे राहतात. कोथरूड, कर्वेनगर किंवा डेक्कनजवळ खेळाडूंवर उपचार करणारे विश्वासू चिकित्सक कोण, साधारण किती वेळा जावे लागते आणि त्या काळात धावता येते का, एवढेच मला हवे आहे. पुढच्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंतचा लांब पल्ला ठरलेला असल्यामुळे लवकर उत्तर मिळाल्यास बरे होईल.

खडूस पेठकर
आपण चिकित्सकांचा पत्ता विचारला आहे, पण दुखण्याचा पत्ता दिलेला नाही. टाच तळव्याकडून दुखते की मागून? सकाळी उठल्यावर की धावल्यावर? केव्हापासून? वय काय? दोघांना गुण आला म्हणता, पण त्यांना झाले काय होते?

निवांतयोगी
सुया टोचून घेण्याची आवश्यकताच नाही. माझ्या टाचेचे दुखणे लाकडी रोलर रोज सकाळी तळव्याखाली फिरवल्याने पूर्ण गेले. अ‍ॅक्युप्रेशरचे बिंदू तळव्यातही असतात आणि खर्चही नाही.

वेताळवाट
मी अ‍ॅक्युप्रेशरबद्दल विचारलेले नाही. टाचेच्या मागे, हाडापासून दोन-तीन बोटे वर जी जाड शीर असते, ती दाबली की दुखते. सकाळी ताठ असते, चालल्यावर सैल होते आणि धावून आल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणकते. वय ४३. गटातील एकाचा गुडघा होता आणि दुसऱ्याची कंबर.

स्नायुबंध
मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्णनावरून हे अकिलीस टेंडनच्या, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या पट्ट्याच्या, मधल्या भागाचे दुखणे वाटते. मात्र पाय पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही. यात तात्पुरत्या सुजेपेक्षा टेंडनमधील तंतूंची घडण बिघडणे हा भाग मोठा असतो, त्यामुळे नुसत्या विश्रांतीने ठणका थांबला तरी टेंडनची ताकद परत येत नाही आणि धावायला लागताच पहिले पाढे पंचावन्न होतात. त्याला टप्प्याटप्प्याने भार द्यावा लागतो. स्वीडनमधील आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली न्यायची, वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा, गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ संच, किंचित वाकवून आणखी ३, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणे हाडाला चिकटलेल्या टोकाशी असेल, तर मात्र टाच पायरीच्या खाली नेऊ नये. अ‍ॅक्युपंक्चरने वेदना कमी झाली तर व्यायाम सोपा होईल, परंतु ते व्यायामाची जागा घेऊ शकत नाही.

सुईस्नेही
फिजिओथेरपिस्ट मंडळींना व्यायामापलीकडे काही दिसत नाही, आणि तेच लोक ‘ड्राय नीडलिंग’ या नावाने सुया लावतात तेव्हा मात्र ते शास्त्र ठरते! उपचारांविषयी शिफारसी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये जुनाट वेदनेसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करावा असे सांगितले आहे. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ही विद्या चीनमधून आपल्याकडे आणली, याचा तरी आपल्याला अभिमान असावा.

खडूस पेठकर
त्याच ‘नाइस’ने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असे म्हटले होते, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. २०२१ ची शिफारसही ज्या जुनाट वेदनेला दुसरे स्पष्ट कारण सापडत नाही तिच्यासाठी आहे, धावण्याने दुखावलेल्या टेंडनसाठी नाही. खऱ्या सुया आणि रुग्णाला नकळत लावलेल्या खोट्या सुया यांची तुलना केली की फरक बराच कमी होतो, हेही नमूद करावे. राहिले कोटणीस, तर ते शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. ही विद्या भारतात आणण्याचे श्रेय त्यांच्यासोबत चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील डॉ. बसू यांना दिले जाते.

पेशवेपार्क
अग्निकर्म आणि विद्धकर्म (आयुर्वेदातील डाग देण्याचा आणि सुईने टोचण्याचा उपचार) यांचा विचार करावा. पुण्यात अनेक वैद्य ते करतात आणि माझ्या वडिलांची टाच त्यानेच बरी झाली.

वेताळवाट
वडील धावत होते का? असो. चिकित्सकांचे नाव अजून एकानेही दिलेले नाही.

स्नायुबंध
नाव देण्यापूर्वी दोन प्रश्न आहेत. पालथे झोपून कोणाकडून तरी पोटरी दाबून घ्या. पाऊल खाली हलते का? आणि अलीकडे एखादे प्रतिजैविक घेतले होते का?

वेताळवाट
पाऊल हलते. गेल्या महिन्यात लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतले होते. त्याचा टाचेशी काय संबंध?

स्नायुबंध
निकटचा संबंध असू शकतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन ज्या प्रतिजैविकांच्या गटात (फ्लुओरोक्विनोलोन) मोडते, त्या औषधांनी टेंडनला, त्यातही अकिलीसला, इजा होऊ शकते. क्वचित ते तुटते, आणि औषध संपल्यानंतर काही महिन्यांनीही हे घडू शकते. अमेरिकेत २००८ पासून त्यावर ठळक इशारा छापणे सक्तीचे आहे. पाऊल हलते म्हणजे पूर्ण तुटलेले नसावे, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. अस्थिरोगतज्ज्ञांना औषधाचे नाव सांगून सोनोग्राफी करून घ्या. तोपर्यंत धावू नका आणि मी वर दिलेला व्यायामही सुरू करू नका. कोणी तेथे स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

सुईस्नेही
या माहितीनंतर माझेही म्हणणे आहे की तपासणी आधी व्हावी. त्यानंतर जेथे जाल तेथे एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुया आपल्यासमोर पाकीट फोडून काढतात का ते पाहा आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी सांगा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे; त्याखालील परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारावे. कर्वेनगरमधील एका चिकित्सकांचे नाव व्यक्तिगत निरोपाने पाठवले आहे.

वेताळवाट
निरोप मिळाला, आभार. सोनोग्राफीची वेळ उद्या सकाळची मिळाली आहे. रविवारी येणार नाही असे गटाला कळवले आहे. अहवाल आला की येथेच लिहीन. तोपर्यंत पोहलेले चालेल का?

स्नायुबंध
पाय हलके मारत असाल तर चालेल. भिंतीला पाय रेटून उलटी वळणे घेऊ नका.

निवांतयोगी
लाकडी रोलर लक्ष्मी रोडला मिळतो.

नवखी_धावक
माझ्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकडी उतरताना दुखते. त्यावर सुया चालतील का?

खडूस पेठकर
वेगळा धागा काढावा, आणि त्यात वय, कालावधी व चालू औषधे पहिल्याच परिच्छेदात लिहावीत.